दातांच्या दवाखान्यातील एक प्रश्न

पर्युषण पर्व आठ-दहा दिवसांवर आले असताना पनवेलमधील एखाद्या दातांच्या दवाखान्यात सहज घडू शकेल असा एक प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. कळंबोलीच्या लोखंड बाजारात पेढी असलेले, पंचावन्नच्या घरातील एक गृहस्थ खुर्चीत बसले आहेत. उजवीकडची खालची दाढ चार रात्री झोपू देत नाही. पर्वात एकासने करायची, तर त्याआधी दाढेचा निकाल लागावा एवढीच त्यांची अपेक्षा. तरुण डॉक्टरबाई दाढ तपासतात, ती काढावी लागेल असे सांगतात आणि मग खालचा ओठ हलकेच बाहेर ओढून पाहतात. ओठ आणि हिरडी यांच्यामधल्या खोबणीत, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत, तोंडाचे अस्तर पांढरट आणि सुरकुतलेले आहे.

"काका, तंबाखू दिवसातून किती वेळा?"

गृहस्थ क्षणभर गप्प राहतात. "कधीतरी. माल उतरवून घेताना वगैरे."

"चुन्याची डबी आत्ता खिशात आहे का?"

डबी खिशातच असते. डॉक्टरबाई रागावत नाहीत. त्या हातात आरसा देतात आणि ती पांढरी जागा गृहस्थांना त्यांच्याच डोळ्यांनी पाहायला लावतात.

हा प्रश्न विचारला गेला, तर एका घराचा पुढील दहा वर्षांचा हिशेब बदलू शकतो. तो विचारला गेला नाही, तर दाढ निघते, पैसे दिले जातात आणि पांढरा डाग तसाच घरी परत जातो. दंतवैद्याने हा प्रश्न विचारणे त्याच्या कामाचा भाग आहे की त्याची मर्जी, याचा विचार आज करावयाचा आहे.

तंबाखू तोंडात राहते, म्हणून

तंबाखू म्हटले की सर्वसाधारणपणे विडी-सिगारेट आणि फुप्फुसे आठवतात. महाराष्ट्राचे चित्र वेगळे आहे. २०१६-१७ मध्ये झालेल्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या दुसऱ्या फेरीनुसार राज्यातील २६.६ टक्के प्रौढ व्यक्ती कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करतात. धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के, धूररहित तंबाखू घेणारे मात्र २४.४ टक्के. म्हणजे येथील तंबाखू प्रामुख्याने चुना लावून मळलेली, खर्‍यात किंवा पानात घातलेली, नाहीतर मिश्री म्हणून हिरड्यांवर घासलेली असते. ती धुराबरोबर उडून जात नाही. गालाच्या आतल्या बाजूला, ओठाच्या खोबणीत तासन् तास पडून राहते आणि जिथे राहते तिथेच आपली खूण करते.

ही खूण पाहण्याची संधी ज्याला नित्य मिळते असा वैद्यकातील माणूस म्हणजे दंतवैद्य. हृदयाचे डॉक्टर नाडी पाहतात, फुप्फुसाचे डॉक्टर छाती ऐकतात. तोंड पूर्ण उघडून, दिव्याच्या झोतात, गालाचा प्रत्येक कोपरा पाहणारा दंतवैद्यच. शिवाय त्याच्याकडे येणारा माणूस बहुधा इतर बाबतींत धडधाकट असतो. तो स्वतःला रोगी समजत नाही. रोग होण्यापूर्वीच्या अवस्थेत माणूस गाठण्याचे भाग्य फार थोड्या डॉक्टरांना लाभते.

तोंडातील खुणा तीन-चार प्रकारच्या असतात. घासून न निघणारा पांढरा डाग, मखमली लाल डाग, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तिखट लागताच होणारी आग आणि हळूहळू कमी होत जाणारे तोंडाचे उघडणे. आपल्याच हाताची तीन बोटे उभी धरून समोरच्या दातांमध्ये मावत नसतील, तर तोंड आखडू लागले आहे असे समजून तपासणी करून घ्यावी. धूम्रपान करणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक फसवणूक होते. निकोटिनमुळे हिरड्यांतील रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे हिरड्या आजारी असूनही त्यांतून रक्त फारसे येत नाही. रक्त येत नाही म्हणून रुग्ण निश्चिंत असतो आणि आतून दाताचा आधार झिजत राहतो.

बँकेत कर्जाचे खाते एका रात्रीत बुडीत होत नाही. पहिला हप्ता चुकतो, मग दुसरा. नव्वद दिवस उलटल्यावर खाते अनुत्पादित ठरते. त्याआधीच सूचना जाते, चौकशी होते, आणि वेळेवर केलेल्या चौकशीने पुष्कळ खाती सावरतात. ओठाच्या खोबणीतील पांढरा डाग ही पहिल्या चुकलेल्या हप्त्याची सूचना आहे. तो डाग म्हणजे कर्करोग नव्हे आणि अशा प्रत्येक डागाचा कर्करोग होतो असेही नाही. तथापि ज्याने ती सूचना पाहिली त्याने ती न सांगणे, हे सूचनापत्र टेबलाच्या खणात ठेवून देण्यासारखे आहे.

याच सर्वेक्षणातील आणखी एक आकडा विचार करायला लावणारा आहे. देशभरातील धूररहित तंबाखू घेणाऱ्यांपैकी जे त्या वर्षभरात कोणत्याही आरोग्यसेवकाकडे गेले, त्यांपैकी केवळ ३१.७ टक्के लोकांना "हे सोडा" असे सांगितले गेले. धूम्रपान करणाऱ्यांत हे प्रमाण ४८.८ टक्के होते. म्हणजे तंबाखू चघळणाऱ्या तिघांपैकी दोघे डॉक्टरांच्या दारातून उपदेशाचा एक शब्दही न ऐकता परत आले. आणि हे लोक ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते असे म्हणावे, तर धूररहित तंबाखू घेणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी सोडण्याचा विचार असल्याचे त्याच सर्वेक्षणात सांगितले आहे.

मुंबईच्या दंतवैद्यांनी दाखवलेली वाट

दंतवैद्याच्या सांगण्याने खरोखर काही फरक पडतो का, ही शंका स्वाभाविक आहे. तिचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जाण्याची आवश्यकता नाही. ते पनवेलच्या खाडीपलीकडे, मुंबईतच, अर्धशतकापूर्वी शोधले गेले आहे.

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे नाव अणुविज्ञान आणि गणित यांसाठी विख्यात आहे. त्याच संस्थेत दंत संशोधनाचा एक छोटा विभाग होता आणि डॉ. फली मेहता हे त्याचे प्रमुख होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १९६६ पासून या विभागातील दंतवैद्यांनी डेन्मार्कचे प्राध्यापक येन्स पिंडबोर्ग यांच्या सहकार्याने भारतातील खेड्यांत घरोघरी जाऊन लोकांची तोंडे तपासली. गुजरातमधील भावनगर, केरळमधील एर्नाकुलम, आंध्रातील श्रीकाकुलम, बिहारमधील दरभंगा आणि तेव्हाच्या बिहारमधील सिंहभूम या पाच जिल्ह्यांत मिळून पन्नास हजारांहून अधिक ग्रामस्थ तपासले गेले. त्यानंतर महाराष्ट्राची पाळी आली. पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांच्या तपासणीचा अहवाल १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णाने दवाखान्यात येण्याची वाट न पाहता दंतवैद्य आरसा आणि वही घेऊन त्याच्या उंबरठ्यावर गेले, हे या कामाचे वैशिष्ट्य.

या लोकांपैकी काहींचा दहा वर्षे पाठपुरावा करण्यात आला. त्यातून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. तोंडाचा कर्करोग आणि त्याच्या पूर्वावस्था जवळजवळ केवळ तंबाखू ओढणाऱ्यांत वा चघळणाऱ्यांत आढळल्या. आणि कर्करोग होण्यापूर्वी बहुतेक वेळा तोंडात डागाच्या रूपाने काही ना काही पूर्वखूण असते. म्हणजे निसर्ग पूर्वसूचना देतो आणि ती वाचता येते.

पुढची पायरी अधिक महत्त्वाची होती. भावनगर, एर्नाकुलम आणि श्रीकाकुलम येथील छत्तीस हजारांहून अधिक तंबाखूसेवकांची दरवर्षी घरी जाऊन तपासणी होई आणि प्रत्येक भेटीत त्यांना तंबाखूविषयी समजावून सांगितले जाई. जोडीला चित्रपट, नभोवाणी, वृत्तपत्रे यांचेही साहाय्य घेतले गेले. पाच वर्षांचे निष्कर्ष १९८६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ज्यांना असे समजावले गेले त्यांच्यात तंबाखू सोडणाऱ्यांचे आणि कमी करणाऱ्यांचे प्रमाण वाढले आणि तोंडात नवे पांढरे डाग होण्याचे प्रमाण घटले. कोणतेही महागडे यंत्र नाही, शस्त्रक्रिया नाही. दर वर्षी एक भेट आणि एक संभाषण.

डॉ. मेहता यांचे सहकारी डॉ. प्रकाश गुप्ता यांनी पुढे नवी मुंबईत हीलिस सेखसरिया ही सार्वजनिक आरोग्याची संशोधन संस्था उभी केली. म्हणजे ही परंपरा पनवेलच्या शेजारी येऊन पोहोचली आहे. दंतचिकित्सेच्या ठिकाणी दिलेल्या सल्ल्याने तंबाखू सोडणाऱ्यांची संख्या वाढते, असा निष्कर्ष कॉक्रेन या संस्थेने निरनिराळ्या देशांतील अभ्यासांचा आढावा घेऊनही काढला आहे.

खुर्चीत नेमके काय घडावे

तंबाखू सोडवण्याच्या समुपदेशनाच्या पाच पायऱ्या जगभर शिकवल्या जातात. विचारणे, सल्ला देणे, मनाची तयारी जोखणे, साहाय्य करणे आणि पुढील भेट ठरवणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ च्या आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत, प्रत्येक आरोग्यसेवकाने आपल्या नेहमीच्या कामाचा भाग म्हणून तंबाखूसेवकाला अर्ध्या ते तीन मिनिटांचा संक्षिप्त सल्ला द्यावा, असे सांगितले आहे. दाढेत बधिरतेचे इंजेक्शन दिल्यानंतर ते लागू पडेपर्यंत डॉक्टर आणि रुग्ण दोघेही थांबलेलेच असतात. तीन मिनिटे तिथेच मिळतात.

प्रश्न कसा विचारला जातो यावर पुष्कळ अवलंबून असते. "तंबाखू खाता का?" या प्रश्नाला "नाही" म्हणणे सोपे असते. "दिवसातून किती वेळा?" असे विचारले की माणूस आकडा शोधू लागतो. "सकाळी उठल्यावर पहिली चिमूट किती वेळाने?" हा त्याहून उपयुक्त प्रश्न. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत, त्यातही पाच मिनिटांच्या आत, तंबाखू लागत असेल तर शरीर निकोटिनच्या पुरते आहारी गेले आहे असे समजतात आणि अशा माणसाला केवळ उपदेश पुरत नाही.

दाढ काढल्यानंतरचा काळ तर विशेष मोलाचा. दात निघालेल्या खड्ड्यात रक्ताची गुठळी बनते आणि तीच जखमेचे पांघरूण असते. तंबाखूमुळे ती भरून येण्यात अडथळा येतो, खड्डा कोरडा पडतो आणि वेदना असह्य होतात. म्हणून दंतवैद्य किमान तीन दिवस तंबाखू वर्ज्य करायला सांगतात. आता योगायोग असा, की तंबाखू सोडणाऱ्याला सर्वाधिक जड जातात तेही पहिले दोन-तीन दिवसच. चिडचिड, बेचैनी, झोपमोड, डोके जड होणे हे सारे त्या दिवसांत शिगेला पोहोचते आणि पुढील दोन ते चार आठवड्यांत ओसरते. दाढेच्या भयाने का होईना, ज्याने ते तीन दिवस काढले, त्याने चढणीचा सर्वांत कठीण भाग पार केलेला असतो. अट्ठमचे तीन उपवास ज्या घरात निष्ठेने होतात, त्या घरातील माणसाला "तीन दिवस जमणार नाही" असे म्हणण्याचे कारण नाही. दंतवैद्याने चौथ्या दिवशी एक दूरध्वनी करून "आणखी चार दिवस वाढवू या का?" एवढे विचारले, तर पथ्याचे रूपांतर नियमात होऊ शकते.

साहाय्याची साधने आज उपलब्ध आहेत. २ मिलिग्रॅमचे निकोटिन गम औषधाच्या दुकानात चिठ्ठीविना मिळते. मात्र ते वापरण्याची रीत डॉक्टरांकडून समजून घ्यावी. ते चॉकलेटसारखे सलग चघळायचे नसते. हळू चावायचे, झिणझिण्या जाणवल्या की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवायचे, थोड्या वेळाने पुन्हा चावायचे, असे अर्धा तास चालते. ज्यांचे तोंड आखडलेले आहे त्यांना चावणे कठीण जाते. त्यांच्यासाठी चिकटपट्टीसारखे अन्य उपाय डॉक्टर सुचवतात. हृदयविकार असलेल्यांनी आणि गर्भवतींनी वैद्यकीय सल्ल्याविना काहीच घेऊ नये. केंद्र शासनाची १८००-११-२३५६ ही निःशुल्क मार्गदर्शन सेवा २०१६ पासून चालू आहे. २०१८ मध्ये तिची प्रादेशिक केंद्रे सुरू झाली आणि त्यांपैकी एक मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रात आहे. हा क्रमांक तंबाखूच्या पुडीवरही छापलेला असतो.

डॉक्टर गप्प का राहतात

एवढे सारे ठाऊक असताना प्रश्न विचारला का जात नाही? दंतवैद्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. बाहेर सहा रुग्ण बसलेले असतात. दात भरण्याचे पैसे मिळतात, तीन मिनिटांच्या सल्ल्याचे कोणी देत नाही. वडीलधाऱ्या रुग्णाला व्यसनाविषयी विचारणे तरुण डॉक्टरांना संकोचाचे वाटते. रुग्ण दुखावला तर दुसऱ्या दवाखान्यात जाईल, ही भीतीही असते. एकदा सांगूनही रुग्ण पुन्हा डबीसह येतो, तेव्हा सांगणाऱ्याचाच उत्साह मावळतो.

रुग्णाची बाजूही निर्मळ नसते. तो खोटे बोलतो. दवाखान्यात शिरण्यापूर्वी बाहेर चूळ भरून येतो. पत्नी सोबत असेल तर "कधीच नाही" म्हणतो, एकटा असेल तर "कधीतरी" म्हणतो. दोन्ही बाजूंच्या या संकोचात जे हरवते ते म्हणजे वेळ, आणि तोंडाच्या कर्करोगात वेळेइतके मौल्यवान दुसरे काही नाही. २०२२ या एका वर्षात भारतात ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण झाले असा जागतिक अंदाज आहे. त्यांतील किती जण त्याआधी कधी ना कधी दातांच्या डॉक्टरांसमोर तोंड उघडून बसले असतील, याचा विचार मन विषण्ण करतो.

या प्रश्नाला आता शासनाचाही आधार आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१८ मध्ये दंत महाविद्यालयांत तंबाखूमुक्ती केंद्रे स्थापन करण्यासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. पनवेलकरांच्या दृष्टीने हे महत्त्वाचे आहे, कारण कामोठे आणि खारघर येथे दंत महाविद्यालये आहेत आणि खारघरलाच टाटा स्मारक केंद्राची ॲक्ट्रेक ही कर्करोगावरील उपचार व संशोधनाची संस्था आहे. ज्या तालुक्यात दाताच्या खुर्चीपासून कर्करोगाच्या प्रयोगशाळेपर्यंतची सगळी साखळी एका रिक्षाच्या अंतरावर आहे, तेथील माणसाने उशीर करावा हे खरोखर दुर्दैव.

मिश्रीची गोष्ट

पुरुषांच्या डबीची चर्चा उघडपणे होते. स्त्रियांच्या मिश्रीची होत नाही. उपरोक्त सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १७ टक्के स्त्रिया तंबाखूचे सेवन करतात. तंबाखू भाजून तिची काळी पूड करायची आणि सकाळी दात घासण्याच्या निमित्ताने हिरड्यांवर फिरवायची, ही रीत खेड्यांतून आणि शहरांच्या वस्त्यांतून अजून आहे. घरकामाला येणाऱ्या बाईंच्या कमरेला, कधी आपल्याच आजीच्या उशाखाली ती डबी सापडते. सुरुवात बहुधा दातदुखीने झालेली असते. कोणी तरी सांगितलेले असते, "मिश्री लाव, ठणका थांबेल." निकोटिनने क्षणभर बरे वाटते, किडलेला दात तसाच राहतो आणि मिश्री कायमची चिकटते. तंबाखू घातलेल्या दंतमंजनांवर आणि टूथपेस्टवर १९९२ मध्ये देशात बंदी आली. परंतु घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीला कायद्याचा हात पोहोचत नाही.

तेथे दंतवैद्याचाच हात पोहोचू शकतो. दुखणारा दात बरा केला की मिश्रीचे कारणच उरत नाही. तरुण स्त्रीच्या बाबतीत हे अधिक निकडीचे आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मुंबईतील १,२१७ गर्भवतींच्या अभ्यासात धूररहित तंबाखू घेणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी आढळले होते. घरकामाच्या बाईंना दंतवैद्याकडे पाठवून त्यांचा खर्च उचलणे, हे अनुकंपादान कोणत्याही घराला परवडण्याजोगे आहे.

नियम, अतिचार आणि पुन्हा नियम

सप्तव्यसनांच्या परंपरागत यादीत तंबाखूचे नाव नाही, असा युक्तिवाद कधी कधी कानावर येतो. ते असणे शक्यच नव्हते. ही वनस्पती अमेरिका खंडातील. पोर्तुगीजांच्या हातून ती आपल्याकडे फार उशिरा आली. परंतु श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंड-विरमण आहेच. ज्याने कोणाचेही प्रयोजन साधत नाही अशी हिंसा, मग ती स्वतःच्या देहाची का असेना, टाळावी हा त्याचा आशय. तंबाखूला याहून चपखल दुसरे नाव सुचणार नाही.

दंतवैद्य जे सांगतो आणि परंपरा जे शिकवते, त्यांत विलक्षण साम्य आहे. नवकारसी म्हणजे सूर्योदयानंतर ४८ मिनिटे काही न घेण्याचे प्रत्याख्यान. पोरसी त्याहून मोठे. काळाची मर्यादा घालून त्यागाची सवय लावायची आणि ती मर्यादा वाढवत न्यायची, ही आपली जुनी पद्धत. ज्याला उठताक्षणी चिमूट लागते, त्याने ती प्रथम नवकारसीपलीकडे ढकलावी. मग पोरसीपलीकडे. एका झटक्यात सोडणे ज्याला साधते त्याने तसेच करावे. ज्याला साधत नाही त्याने निराश होण्याचे कारण नाही.

व्रतभंगाच्या चार पायऱ्या आचार्यांनी सांगितल्या आहेत. अतिक्रम, व्यतिक्रम, अतिचार आणि अनाचार. मनात इच्छा उठणे, मर्यादा ओलांडण्याची तयारी होणे, एखादे वेळी स्खलन होणे आणि अखेर व्रतच सुटणे. तंबाखू सोडणाऱ्याचा प्रवास असाच असतो. आठवण येते, हात खिशाकडे जातो, एखादे दिवशी चिमूट तोंडात जाते. येथे बहुतेक जण हार मानतात: "नियम मोडला, आता संपले." वास्तविक अतिचार म्हणजे अनाचार नव्हे. प्रतिक्रमण त्यासाठीच आहे. झालेली चूक उच्चारावी आणि परत आपल्या जागी यावे. तंबाखूमुक्तीचे समुपदेशकही हेच सांगतात, की एकदा घसरणे आणि पूर्ववत व्यसनी होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पुष्कळांना कायमचे सुटण्यापूर्वी अनेकदा प्रयत्न करावा लागतो.

दोन गोष्टी मात्र समाजाने स्वतःलाच विचारायला हव्यात. पहिली सुपारीची. घरात तंबाखूचे नाव निघत नाही, पण भोजनानंतरच्या मुखवासात गोड सुपारी आणि सादा पानमसाला सन्मानाने असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीला, तंबाखूविना खाल्ली तरीही, मानवात कर्करोग उत्पन्न करणारा पदार्थ ठरवले आहे. तोंड आखडण्याच्या विकाराचे प्रमुख कारणही तीच. पाहुण्यांच्या तबकात बडीशेप आणि धनाडाळ ठेवल्याने आतिथ्यात उणेपणा येत नाही. दुसरी गोष्ट व्यापाराची. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत कोणतीही तंबाखू विकणे गुन्हा आहे. पण कायद्याच्या मर्यादेत बसणारी विक्रीही श्रावकाच्या मर्यादेत बसते का? पंधरा कर्मादानांत विषवाणिज्याचा उल्लेख आहे. दुकानाच्या दारावरील पुड्यांच्या माळेकडे पाहताना तो आठवावा.

चातुर्मासात संघातर्फे आरोग्य शिबिरे होतात. त्यांत मुखतपासणी अवश्य असावी. परंतु तपासून नाव लिहून घेणे आणि प्रमाणपत्र वाटणे हे अर्धेच काम. डॉ. मेहता यांचे दंतवैद्य दर वर्षी त्याच दारात पुन्हा गेले, यातच त्यांच्या यशाचे मर्म होते. संघातील दंतवैद्यांनी तपासणी करावी आणि दोन-चार कार्यकर्त्यांनी प्रत्येकाला आठव्या दिवशी, महिन्याने आणि सहा महिन्यांनी विचारणा करावी, एवढी व्यवस्था कोणत्याही संघाला कठीण नाही.

आणि ते कळंबोलीचे गृहस्थ? त्यांच्याविषयी अशी कल्पना करता येईल. दाढ निघाल्यावर तीन दिवसांचे पथ्य त्यांनी पाळले, ते पर्युषण पूर्ण होईपर्यंत वाढवले आणि संवत्सरीनंतर डॉक्टरबाईंच्या दूरध्वनीमुळे पुढेही टिकवले. दिवाळीत वहीपूजनाच्या गडबडीत दोनदा चिमूट तोंडात गेली. सहा महिन्यांनी ते खुर्चीत बसतात, तेव्हा ओठ बाहेर ओढून पाहिला जातो. डाग बराच फिकट झालेला असतो. तरी एक लहान कडा शिल्लक असते आणि तिचा तुकडा काढून तपासायचे ठरते. गृहस्थ घाबरतात. डॉक्टरबाई सांगतात, की तपासणे म्हणजे रोग असणे नव्हे. मग त्या पुन्हा विचारतात, "काका, मधल्या काळात किती वेळा?" या वेळी उत्तर "कधीतरी" असे नसते. ते सांगतात, "दोनदा."

खऱ्या आकड्यापासूनच हिशेब सुरू करता येतो. ज्यांचे दंतवैद्य हा प्रश्न विचारतात त्यांनी खरे उत्तर द्यावे. ज्यांचे विचारत नाहीत त्यांनी पुढच्या भेटीत आपणहून सांगावे: "डॉक्टर, मी तंबाखू घेतो. एकदा तोंड नीट पाहून घ्या." घरातील कोणी संकोचत असेल, तर मुलीने किंवा सुनेने सोबत जावे. कदाचित त्या एका वाक्याने डॉक्टरांचाही संकोच सुटेल आणि त्या दिवशी त्यांच्यासमोर बसणाऱ्या पुढच्या रुग्णाला ते हा प्रश्न आपणहून विचारतील.